फ्रीलान्सर की एजन्सी: आमच्या बुकिंग सिस्टिमचे साडेसात महिने

१८ जानेवारीला सकाळी नऊ वाजता आमच्या काउंटरसमोर दोन माणसं उभी होती आणि दोघांच्याही हातात आमच्याच सहीची पावती होती. लेन्स एकच. १०० मिलिमीटरची मॅक्रो. एकाचं बुकिंग मी रजिस्टरात लिहिलं होतं. दुसऱ्याचं माझ्या धाकट्या भावाने फोनवर घेतलं, स्वतःच्या मोबाइलमध्ये टिपून ठेवलं आणि रजिस्टरात चढवायचं राहून गेलं. त्या दुसऱ्या माणसाचं त्याच दिवशी दागिन्यांच्या कॅटलॉगचं शूटिंग होतं. तो चिडला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "मग मी आता काय करू?" ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या कानात राहिलं.

आम्ही कॅमेरे, लेन्स आणि लाइट भाड्याने देतो. लहानमोठ्या मिळून १४० वस्तू, आणि सगळा कारभार एका जाडजूड रजिस्टरावर. त्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, आता पुरे झालं. सिस्टिम करून घेऊ." तिथपासून ५ सप्टेंबरला सिस्टिम सुरू होईपर्यंत काय काय घडलं ते तारखांसकट लिहून ठेवतेय. मी प्रोग्रामर नाही. काम एकट्या फ्रीलान्सरला द्यावं की एजन्सीला, हे मला अजिबात सुचत नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो ठाम उत्तर द्यायचा. कुणी म्हणे एकटा माणूस मधेच सोडून जातो, कुणी म्हणे एजन्सी तिप्पट पैसे घेते आणि काम शिकाऊ मुलांकडून करून घेते.

आधी तयार सॉफ्टवेअर पाहिली. चार दिवस दिले आणि ते दिलेच पाहिजेत, कारण तयार वस्तू चालत असेल तर पुढचं काहीच करावं लागत नाही. आमचं अडलं ते संचांवर. कॅमेरा जातो तेव्हा सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर आणि कार्ड जातं, आणि त्यातलं एखादं कार्ड दुसऱ्या संचातून उसनं घेतलेलं असतं. शिवाय परत आलेली लेन्स लगेच पुढच्याला देता येत नाही. ती पुसायची, कॅमेऱ्याला जोडायचा माउंट तपासायचा, काचेत बुरशी दिसते का ते टॉर्च मारून बघायचं. तीन तास तरी मधे हवेत. मी पाहिलेल्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी एकत्र बसेनात.

मग काय हवंय ते लिहायला बसले. जवळजवळ तीन आठवडे गेले. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला आणि तो वाचून भावालाही काही समजेना. मी त्यात "रिपोर्ट असावेत", "सोपं असावं" अशी वाक्यं लिहिली होती, ज्यातून कुणीही काहीही बनवून देऊ शकलं असतं. दुसऱ्या खेपेला मी फक्त प्रसंग लिहिले. ग्राहक लेन्स एक दिवस उशिरा आणतो आणि पुढचं बुकिंग आधीच झालेलं आहे, तेव्हा काय व्हायला हवं? संचातली एक बॅटरी हरवली, डिपॉझिटमधून पैसे कोण आणि केव्हा कापणार? असे सत्तावीस प्रसंग, चार पानं. पुढे जो भेटला त्याच्याशी बोलणं या चार पानांवरूनच झालं, आणि कुणाचं कोटेशन कशासाठी आहे हे त्यामुळेच ताडून पाहता आलं. तुम्ही कुठल्याही बाजूला जाणार असाल, तरी हे काम आधी करा आणि स्वतःच करा.

याच दिवसांत एक जुनं दुखणं वर आलं. आमचं एक साधं संकेतस्थळ होतं, पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्याकडून करून घेतलेलं. त्याचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आमच्या नावावर नाही, करणाऱ्याच्या खात्यात आहे, हे मला फेब्रुवारीत कळलं. माणूस भला होता, पण त्याने तो व्यवसायच सोडला होता आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याला आठवत नव्हता. डोमेन एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे न्यायचं तर ऑथ कोड नावाचा एक गुप्त कोड लागतो. मागितल्यावर पाच दिवसांत तो मिळाला पाहिजे असा आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे, पण मागणारा खात्याचा मालक असावा लागतो आणि मालकालाच खात्यात शिरता येत नव्हतं. ओळखपत्रं, जुनी बिलं, मेलामागून मेल, असं करत डोमेन आमच्या खात्यात यायला २६ दिवस लागले. त्या २६ दिवसांत रोज वाटायचं की आपलं नाव आपल्या हातून जाणार. आमच्या ग्राहकांना तो पत्ता पाठ आहे. या एका गोष्टीने माझे पुढचे बरेच निर्णय ठरवले.

१० फेब्रुवारीला ती चार पानं तीन एजन्सींना आणि चार फ्रीलान्सरना पाठवली. एका फ्रीलान्सरने उत्तरच दिलं नाही. बाकीच्यांची उत्तरं २४ तारखेपर्यंत आली. सर्वांत स्वस्त फ्रीलान्सरचा आकडा १०० धरला, तर दुसरा १३५ आणि तिसरा १५०. एजन्सींचे आकडे २९०, ३४० आणि ५२०. पहिल्यांदा हे बघून मी कागद उलटा ठेवला. एकाच कामाचे असे पाचपट फरकाने आकडे कसे येतात, हे समजल्याशिवाय मला पुढे जाता येईना.

म्हणून सगळ्यांना एकच मेल केला: तुमच्या आकड्यात कोणकोणती कामं धरली आहेत, तासांनिशी लिहून द्या. ही मागणी करायला संकोचू नका, चांगली माणसं आनंदाने देतात. उत्तरांतून चित्र साफ झालं. एजन्सींच्या आकड्यात डिझाइन होतं, टेस्टिंग होतं, प्रोजेक्ट मॅनेजरचे तास होते, सुरू झाल्यानंतरची तीन महिन्यांची दुरुस्ती होती. फ्रीलान्सरच्या आकड्यात कोड होता. १०० वाल्याने तर टेस्टिंग म्हणून एक तासही धरला नव्हता. ते आम्हीच करू असं त्याने गृहीत धरलं होतं. म्हणजे उरलेली कामं नाहीशी होत नाहीत, ती माझ्या अंगावर येतात, एवढंच. मी ती करू शकते का, माझ्याकडे तेवढे तास आहेत का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाशी बोलले. सहा जण, प्रत्येकी तासभर. प्रत्येकाला दोन प्रश्न ठरवून विचारले. पहिला, कोड प्रत्यक्ष कोण लिहिणार? दुसरा, दोन ग्राहकांनी अगदी एकाच क्षणी एकच लेन्स बुक केली तर काय होईल?

पहिल्या प्रश्नावर सर्वांत महाग एजन्सीचे गृहस्थ म्हणाले की करार झाल्यावर टीम ठरेल. ते बोलायला फार चांगले होते, पण काम सुरू झाल्यावर ते स्वतः कुठेच नसणार होते. ३४० वाल्यांनी माणसांचे बायोडेटा पाठवले, नावं झाकून. २९० वाल्या एजन्सीने मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या डेव्हलपरला कॉलवर बसवलं. तिने आमची चार पानं खरंच वाचलेली होती, कारण तिने सतराव्या प्रसंगातली चूक दाखवली: डिपॉझिट परत करण्याची तारीख मी दोन ठिकाणी दोन लिहिली होती.

दुसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवलं. बहुतेकांनी "सिस्टिम आधी चेक करेल की लेन्स मोकळी आहे का" असं सांगितलं. १३५ वाला फ्रीलान्सर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, नुसतं चेक करून भागत नाही. तपासायचं आणि मग लिहायचं, या दोन पायऱ्यांच्या मधे दुसरा माणूस घुसतो. दोघांनाही लेन्स मोकळी दिसते आणि दोघांचंही बुकिंग होतं. हे डेटाबेसमध्येच, म्हणजे नोंदी साठतात तिथेच, अडवायला हवं." पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये अशी अट घालता येते की एकाच वस्तूच्या दोन बुकिंगच्या वेळा एकमेकींवर चढल्या तर दुसरी नोंद तो स्वीकारतच नाही, हे त्याने मला कागदावर दोन आडव्या रेघा काढून, कॅमेऱ्यासमोर धरून समजावलं. मला १८ जानेवारीची सकाळ आठवली. माझ्या आणि भावाच्या मधे अगदी हेच झालं होतं. मी रजिस्टर पाहिलं, भावानेही पाहिलं, आणि लिहायला उशीर झाला.

तरीही नुसत्या बोलण्यावर काम द्यायला मन धजेना. मग १३५ वाला फ्रीलान्सर आणि २९० वाली एजन्सी, दोघांनाही एकच छोटं काम दिलं, पैसे देऊन: एका लेन्सचं उपलब्धतेचं कॅलेंडर आणि तिचं बुकिंग. मुदत दहा दिवस, १७ मार्चपासून. असं काम फुकट मागू नये. फुकट काम माणूस उरल्यासुरल्या वेळात करतो आणि आपल्याला त्याची खरी पद्धत दिसत नाही. फ्रीलान्सरने ती रक्कम काम मिळाल्यास मुख्य बिलात वळती करण्याचं कबूल केलं. एजन्सीने नाही केलं, आणि तसं आधीच स्पष्ट सांगितलं.

फ्रीलान्सरने आठव्या दिवशी काम दिलं. आम्ही दोघं भावंडं दोन फोन घेऊन समोरासमोर बसलो, एक-दोन-तीन म्हणून एकदम बटण दाबलं. वीस वेळा. वीसही वेळा एकालाच लेन्स मिळाली आणि दुसऱ्याला "ही वेळ आत्ताच घेतली गेली" असा निरोप आला. पण मोबाइलवर कॅलेंडरचा शनिवार-रविवार पडद्याबाहेर जात होता, आणि लेखी टिपण म्हणून काही म्हणजे काही नव्हतं. एजन्सीला सोळा दिवस लागले. त्यातले पाच गोपनीयतेचा करार आणि बिलाच्या कागदपत्रांत गेले. पण सोबत तपासणीच्या ४१ मुद्द्यांची यादी आली. त्यातला एक मुद्दा मला कधी सुचलाच नसता: परतीची वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर भाडं कुठल्या दिवसाचं धरायचं? आमच्याकडे रात्रीच्या शूटिंगचे ग्राहक आहेत आणि दर वेळी आम्ही तोंडी काहीतरी ठरवत आलो होतो.

५ एप्रिलला भाऊ आणि मी निर्णयाला बसलो. एजन्सीचं काम जास्त पूर्ण होतं, हे मान्य करायलाच हवं. आमच्याकडे पैसे असते आणि वेळ नसता, तर आम्ही एजन्सीकडेच गेलो असतो. परिस्थिती उलटी होती. एप्रिल ते ऑगस्ट आमच्याकडे कामाचा जोर कमी असतो, मी आठवड्याला दहा तास देऊ शकत होते, आणि २९० चा आकडा कर्ज काढल्याशिवाय जमणारा नव्हता. फ्रीलान्सरला काम द्यायचं ठरलं, पण त्याच्याकडे जे नाही ते वेगळं घ्यायचं: तासांवर काम करणारी एक टेस्टर आणि पडदे आखून देणारी एक डिझायनर. एजन्सीला मी फोन करून कळवलं आणि कारणही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते ४१ मुद्दे वापरायला परवानगी दिली. त्याचे पैसे आम्ही दिलेलेच होते, पण विचारणं मला बरं वाटलं.

करारात दोन आठवडे गेले. फ्रीलान्सरने, म्हणजे आता आमच्या डेव्हलपरने, पाठवलेला कागद दोन पानांचा होता. वकिलांनी तो नऊ पानांचा केला आणि त्यातलं एक कलम मला आयुष्यभर लक्षात राहील. पैसे दिले की कोड आपला झाला, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. बऱ्याच देशांत नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी नोकरी देणाऱ्या कंपनीकडे असते, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा हक्क, लेखी हस्तांतर केलेलं नसेल तर, त्याच्याकडेच राहू शकतो. एजन्सीकडे गेलात तर हाच प्रश्न एक पायरी मागे जातो: त्यांच्याकडे काम करणारे लोक त्यांचे कर्मचारी आहेत की त्यांनीही बाहेरून घेतलेले, आणि त्या बाहेरच्यांनी हक्क एजन्सीला लिहून दिलेत का? चाचणीच्या वेळी एजन्सीने दाखवलेल्या नमुना करारात असंही होतं की त्यांचा आधीचा पुन्हा वापरायचा कोड त्यांचाच राहील. ते रास्त आहे, पण मग तो आपल्याला कायमचा वापरता येईल असं लिहून घ्यायला लागतं.

आमच्या करारात ठरलं ते असं. पैसे पाच हप्त्यांत, १५, २०, २५, २५ आणि १५ टक्के; प्रत्येक हप्ता तारखेवर नाही, दाखवता येणाऱ्या कामावर. हप्ता दिला की त्या टप्प्यापर्यंतच्या कोडचा हक्क आमचा. शेवटचा हप्ता सिस्टिम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी. सुरू झाल्यापासून ६० दिवस दोषदुरुस्ती मोफत, नवीन मागण्या मात्र तासाच्या दराने. काम दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही. कुणालाही थांबायचं असेल तर १४ दिवसांची सूचना. वापरलेल्या प्रत्येक ओपन सोर्स पॅकेजची, म्हणजे इतरांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडची, आणि त्याच्या लायसन्सची यादी. आणि शेवटी मी हट्टाने घातलेलं कलम: सगळी खाती आमच्या नावाने उघडायची आणि त्याला आम्ही आत बोलवायचं.

२४ एप्रिलला काम सुरू झालं, मुदत चौदा आठवड्यांची, म्हणजे ३१ जुलै. त्या पहिल्या आठवड्यात मी एक कागद केला आणि त्यावर सात किल्ल्या लिहिल्या: डोमेन, सर्व्हर, कोड ठेवायची गिटहबची जागा, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), मेल पाठवणारी सेवा आणि सिस्टिमच्या मोबाइल ॲपसाठी ॲपल आणि गूगल या दोन्ही ॲप स्टोअरची खाती. प्रत्येकासमोर खातं कोणत्या मेलवर आहे आणि बिल कोणत्या कार्डावर जातं. पासवर्ड कागदावर नाहीत, पण दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवले. मेल पत्ताही माझा वैयक्तिक घेतला नाही, कामाचा वेगळा केला, म्हणजे मी आजारी पडले तर भावाला आत जाता येईल.

कार्डाचे पैसे घेण्याबाबत डेव्हलपरने सुरुवातीलाच सांगितलं की कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरला शिवूही द्यायचा नाही. ग्राहक गेटवेच्या पानावर जातो, तिथे पैसे भरतो, आपल्याकडे फक्त झालं किंवा नाही झालं एवढा निरोप येतो. त्यामुळे पीसीआय डीएसएस नावाच्या कार्ड-सुरक्षेच्या नियमांचं आपल्यावरचं ओझं बरंच हलकं होतं.

मे महिना छान गेला. दर शुक्रवारी दुपारी तो पडदा शेअर करून चालणारी गोष्ट दाखवायचा. "सत्तर टक्के झालंय" हे वाक्य मी करारातच बंद केलं होतं. चालतंय ते दाखवा, नाही तर झालेलं नाही असं धरू. टेस्टर बाई शनिवारी चार तास तपासायच्या आणि सोमवारी सकाळी यादी तयार असायची.

मग २२ जून. सोमवारच्या यादीवर उत्तर नाही. मंगळवारी नाही. फोन बंद. शुक्रवारची भेट झाली नाही. मी भावाला सांगितलं नाही, कारण फ्रीलान्सर घ्यायचा आग्रह माझा होता. रात्री उठून फोन बघायचे. निम्म्याहून जास्त पैसे गेलेले, बुकिंग अर्धवट, आणि लोकांचं ते "मधेच सोडून जातो" डोक्यात. शनिवारी टेस्टर बाईंना सांगताना माझा आवाज फुटला. त्या म्हणाल्या, "अहो, कोड तर तुमच्याच खात्यात आहे ना? मग दुसऱ्या कुणाला तरी चालवून बघायला सांगा. घाबरायचं की नाही ते मग ठरवू."

मी १५० वाल्या फ्रीलान्सरला फोन केला आणि त्याच्या दोन तासांचे पैसे देऊ केले. काम एवढंच: कुणालाही न विचारता, फक्त कोडसोबतच्या सूचना वाचून सिस्टिम तुझ्या मशीनवर सुरू करून दाखव. तो पाऊण तासात लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचला आणि मग अडकला. पेमेंट गेटवेची चाचणीची किल्ली (सिस्टिमला गेटवेशी जोडणारा गुप्त कोड) कुठे लिहायची, हे सूचनांमध्ये नव्हतं. ते फक्त डेव्हलपरच्या मशीनवर होतं. गेटवेचं खातं आमच्या नावाने असल्यामुळे मी लॉगिन करून नवीन किल्ली काढून दिली आणि दहा मिनिटांत सगळं चालू झालं. आमचं कॅलेंडर एका अनोळखी माणसाच्या पडद्यावर उघडलेलं पाहिलं तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला. काही झालं तरी काम पुढे जाणार होतं.

३ जुलैला डेव्हलपरचा फोन आला. त्याच्या वडिलांचं अचानक ऑपरेशन झालं होतं, तो अकरा दिवस रुग्णालयात होता. त्याने कारणं सांगत न बसता माफी मागितली. मला राग आला होता, पण बाप आजारी असताना कोण मेल बघतं? एजन्सी असती तर हे अकरा दिवस दुसऱ्या कुणी भरून काढले असते, हा फरक खरा आहे आणि तो आकड्यात धरलेलाच असतो. आम्ही कराराला एका पानाची पुरवणी जोडली: ४८ तासांपेक्षा जास्त वेळ उपलब्ध नसाल तर एक ओळ तरी पाठवायची, आणि अडचणीत कोण बघेल त्या माणसाचं नाव आधीच द्यायचं. त्याने जे नाव दिलं त्याच्याशीही मी तासभर बोलले. आणि तेव्हापासून सूचना चालवून बघण्याचा तो प्रयोग दर महिन्याला, टेस्टर बाईंच्या मशीनवर.

ॲप स्टोअरच्या खात्यांनी वेगळाच वेळ खाल्ला. संस्थेच्या नावाने खातं काढायचं तर ॲपल आणि गूगल दोघंही डन्स क्रमांक मागतात. हा डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीकडून मिळणारा नऊ अंकी क्रमांक. आमच्या नोंदणीत व्यवसायाच्या नावात "अँड" अक्षरांत होतं आणि बिलांवर चिन्हाने, शिवाय पत्ता जुना. दुरुस्त्या होऊन क्रमांक हाती यायला २३ दिवस लागले. वैयक्तिक नावाने काढलं असतं तर गूगलची दुसरी अट होती: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ॲपलने पहिल्यांदा ॲप परत पाठवलं, कारण तपासणाऱ्याला आत जाण्यासाठी नमुना लॉगिन आम्ही दिलंच नव्हतं. तुमच्या कामात ॲप असेल तर डन्स क्रमांकाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

ऑगस्टमध्ये रजिस्टर सिस्टिममध्ये चढवलं. १,३४० ओळी, मी आणि भावाने संध्याकाळी बसून. एकच ग्राहक तीन स्पेलिंगने, एकाच फोन नंबरवर दोन नावं, काही वस्तूंचे सिरीयल नंबर पुसट. हे काम कुणाच्याच कोटेशनमध्ये नव्हतं, एजन्सींच्याही नाही. त्यानंतर दोन आठवडे रजिस्टर आणि सिस्टिम दोन्ही चालवली आणि रोज रात्री ताळा घेतला. चौथ्या दिवशी एक तफावत निघाली. चूक रजिस्टराची होती.

५ सप्टेंबरला सिस्टिम सुरू झाली, ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा. त्यातले अकरा दिवस डेव्हलपरचे, तेवीस डन्सच्या कागदांचे आणि बाकीचे माझ्याच बदललेल्या मागण्यांचे. मूळ १३५, बदलांचे १४, टेस्टरचे १६, डिझायनरचे १२, वकिलांचे ५ आणि एजन्सीच्या चाचणीचे ९, असा खर्च १९१ वर गेला. माझे तास मी रोज वहीत लिहीत होते: २१२. त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत म्हणून ते खर्चात दिसत नाहीत, पण ते गेले आहेत. एजन्सीकडे त्यातले निदान निम्मे वाचले असते असं मला वाटतं. ज्यांचा एकेक तास धंद्यात अडकलेला आहे, त्यांनी १९१ आणि २९० यांच्यात नुसती वजाबाकी करू नये.

सुरू झाल्यावर मी त्या कॅटलॉगवाल्या ग्राहकाला स्वतः फोन केला. त्याने तेव्हापासून आमच्याकडून काही घेतलं नव्हतं. सप्टेंबरअखेर त्याने तीच मॅक्रो लेन्स ऑनलाइन बुक केली.

४ नोव्हेंबरला दोषदुरुस्तीचे ६० दिवस संपले. आता डेव्हलपरशी महिन्याला सहा तासांचा देखभालीचा करार आहे. ११ नोव्हेंबरला आम्ही बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर उतरवून पाहिला, ५० मिनिटं लागली. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाखेचा साठा आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर जोडायचं आहे. तेव्हा माझ्याकडे आठवड्याला दहा तास नसतील हे आत्ताच दिसतंय, म्हणून या खेपेला एजन्सीशी बोलणं सुरू केलंय, त्या ४१ मुद्देवाल्याच. पहिल्या मेलमध्ये पहिला प्रश्न तोच ठेवला, कोड कोण लिहिणार? उत्तरात दोन नावं आली आहेत आणि बुधवारी दोघांशी बोलायची वेळ. आमचा डेव्हलपर कोड समजावून द्यायला दोन दिवस त्यांच्यासोबत बसायला तयार आहे, तासाच्या ठरलेल्या दराने.